एका अधिसूचनेचा हिशोब: डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आणि नाशिकचा लाल कांदा

७ डिसेंबर २०२३ ची संध्याकाळ. निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर लाल कांद्याची ट्रॉली भरून झाली होती. माल बावीस क्विंटलच्या आसपास. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा काढलेला, जोडकांदा आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) बाजूला, वरून ताडपत्री. ज्यांचा माल होता ते आप्पा माझ्या चांगल्या ओळखीचे. दोन एकर कांदा, थोडी मका, दोन गाई. त्या आठवड्यात लासलगावला सरासरी भाव क्विंटलला चार हजारांच्या जवळ होता. आप्पांनी मुलाला बजावलं होतं, "पहाटे चारलाच निघ. नंबर पुढं लागला पाहिजे."

मुलगा बाजार समितीच्या आवारात पोहोचून रांगेत लागला. उजाडेपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी फिरायला लागली होती. विदेश व्यापार महासंचालनालयाने ७ तारखेला अधिसूचना काढून कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली होती, आणि ती ८ डिसेंबरपासूनच लागू होती. जो माल आधीच सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेला होता किंवा जहाजात चढायला लागला होता तेवढा सुटला. ट्रॉलीत, खळ्यात आणि शेतात असलेला सगळा माल अडकला.

त्या दिवशी जिल्ह्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला. आप्पांची ट्रॉली भरलेली तशीच घरी आली. पाच दिवसांनी ती पुन्हा गेली तेव्हा व्यापाऱ्याने नेहमीसारखा कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढून पाहिला, आणि बोली दोन हजार पन्नासवर थांबली. हमाली-तोलाई धरायच्या आधी बावीस क्विंटलचे पंचेचाळीस हजार शंभर झाले. आठवडाभरापूर्वी एकोणचाळीसशेने हाच माल पंच्याऐंशी हजार आठशेचा होता. एका ट्रॉलीमागे चाळीस हजारांवर रुपये गेले, आणि आप्पांच्या अजून तीन ट्रॉल्या शेतात होत्या.

हे प्रकरण मी सविस्तर मांडतो आहे, कारण सरकारी धोरणाचा शेतकऱ्याच्या उत्पन्नावर नेमका किती परिणाम होतो हे इतकं सरळ दिसण्याची संधी फारशी मिळत नाही. एरवी पाऊस, रोग, आवक, दर्जा या सगळ्यांत धोरणाचा वाटा हरवून जातो. इथे तो पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर दिसतो.

त्या वर्षी आधी काय घडून गेलं होतं

२०२३ ची सुरुवातच कांद्याने रडवली होती. फेब्रुवारीत भाव इतके कोसळले की सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकल्यावर सगळी कपात जाऊन दोन रुपयांचा चेक मिळाला. तो चेक तेव्हा देशभर गाजला. मार्चमध्ये दिंडोरीहून आदिवासी आणि शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. त्यांच्या मागण्यांत कांद्याला अनुदान होतं. राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. मग सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आहे का, ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) केली होती का, यावर महिने गेले. पहिला हप्ता खात्यात पडायला सप्टेंबर उजाडला. दोन-तीन रुपये किलोने कांदा विकणाऱ्याला सहा महिन्यांनी मदत मिळते, तोवर त्याने पुढच्या पिकाचं बियाणं उधारीवर आणलेलं असतं.

दरम्यान ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. खरिपाच्या लागवडी लांबल्या, चाळीतला, म्हणजे साठवणीच्या छपरातला, उन्हाळ कांदा महाग व्हायला लागला. १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं. लिलाव बंद पडले, मग नाफेड या सहकारी खरेदी संस्थेमार्फत क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन खरेदीची घोषणा झाली. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपये. त्याखाली माल बाहेर पाठवायचा नाही. याच काळात राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत नाशिकचे मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. आणि २६ नोव्हेंबरला निफाड भागात गारपीट झाली. द्राक्षाबरोबर काढणीला आलेला कांदाही झोडपला गेला.

कमी पावसाचा, गारपिटीतून वाचलेला असा तो कांदा होता. एकरी उतारा नेहमीपेक्षा कमी, म्हणून भाव चांगला. भाव हीच त्या वर्षीच्या नुकसानीची भरपाई होती. गारपिटीनंतर बारा दिवसांनी ती भरपाई काढून घेतली गेली.

लाल कांदा थांबत नाही

शहरात वाचणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. कांदा म्हणजे एक पीक नव्हे. मार्च ते मे निघणारा उन्हाळ कांदा घट्ट पापुद्र्याचा, कोरडा. तो चाळीत चार-सहा महिने टिकतो, घट धरूनही. भाव नसला तर शेतकरी थांबू शकतो, निदान थांबायचा प्रयत्न करू शकतो. नोव्हेंबरपासून निघणारा लाल कांदा ओलसर, पातळ सालीचा. दोन-तीन आठवडे झाले की त्याला कोंब फुटतो, काजळी (काळी बुरशी) धरते, ढिगातून पाणी सुटतं. चाळ असून उपयोग नाही. तो निघाला की विकावाच लागतो.

म्हणून डिसेंबरमधली निर्यातबंदी आणि जूनमधली निर्यातबंदी या सारख्या नाहीत. कागदावर शब्द तेच असतात, पण डिसेंबरमध्ये ज्याच्यावर घाव बसतो त्याच्या हातात एकही पर्याय नसतो. व्यापाऱ्याला हे माहीत असतं. ३१ मार्चपर्यंत बाहेर माल जाणार नाही, आणि समोरचा शेतकरी पंधरा दिवसांच्या आत विकणारच, हे कळल्यावर कोण जास्त बोली लावेल? व्यापाऱ्यांना शिव्या देणं सोपं आहे आणि त्यांच्या वागण्यात दोष काढता येतील असं बरंच आहे, पण या एका गोष्टीत ते सरकारने आखून दिलेल्या मैदानावरच खेळत होते.

आणखी एक. ज्या चढ्या भावामुळे बंदी आली, तो भाव ज्याला मिळाला तो शेतकरी वेगळा होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक होता अशा थोड्यांनी तो घेतला, साठा केलेल्या व्यापाऱ्यांनी घेतला. त्याची शिक्षा मात्र डिसेंबरात लाल कांदा काढणाऱ्याला झाली.

१९ फेब्रुवारीचे पाचशे वीस रुपये

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक दिवस आहे.

बंदीनंतर भाव उतरत उतरत फेब्रुवारीच्या मध्यात लासलगावला सर्वसाधारण भाव १,२८० रुपये क्विंटलवर आला होता. १८ फेब्रुवारीला, रविवारी, बातमी पसरली की केंद्राने बंदी उठवली. सोमवारी १९ तारखेला बाजार उघडला आणि भाव एकदम १,८०० वर गेला. चाळीस टक्क्यांची उसळी. मग केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी खुलासा केला: बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत ती आहे तशीच आहे. भाव पुन्हा खाली.

शनिवार ते सोमवार या दोन दिवसांत पाऊस पडला नव्हता. आवक आटली नव्हती. कांद्याचा दर्जा बदलला नव्हता. बदलली होती फक्त एक बातमी, तीही खोटी. म्हणजे बाजारानेच सांगून टाकलं की त्या दिवशी त्या बंदीची किंमत शेतकऱ्याला क्विंटलमागे ५२० रुपये पडत होती. पंचवीस क्विंटलच्या ट्रॉलीला तेरा हजार. सरकारने दिलेलं अनुदान ३५० रुपयांचं होतं, तेही आधीच्या वर्षाच्या मालाचं. क्विंटलमागे एका वर्षी दिलं त्याच्या दीडपट पुढच्या वर्षी, तेही नुसत्या एका खोट्या बातमीवरून मोजलं तर, काढून घेतलं गेलं.

"शेतकऱ्याला सबसिडी देऊन देऊन देश थकला" असं म्हणणाऱ्यांना मी हा सोमवार दाखवतो. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणत. १९८० मध्ये नाशिकच्या रस्त्यांवर कांदा-उसाचं आंदोलन उभं करताना त्यांचं म्हणणं हेच होतं की सरकार एका हाताने खतावर देतं आणि दुसऱ्या हाताने भावातून त्याहून जास्त काढतं. २०१८ मध्ये ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संशोधन संस्था यांनी मिळून भारताच्या शेतीधोरणाचा अभ्यास केला तेव्हा खत, वीज, पाणी यांच्या सगळ्या सवलती जमेस धरूनही शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार उणेच निघाला. त्याचं मोठं कारण निर्यातीवरची बंधनं हेच होतं. कांद्याच्या पट्टीवर जे दिसतं तेच देशाच्या हिशोबात दिसलं.

पैसा गावातून कुठं कुठं आटतो

भाव पडला की नुकसान शेतकऱ्याच्या घरापाशी थांबत नाही. कांदा हे मजुरीचं पीक आहे. रोपं उपटणं, लागवड, दोन खुरपण्या, काढणी, खांडणी म्हणजे पात कापणं, सगळं हाताने. लागवडीला आणि काढणीला सुरगाणा-पेठ भागातून मजुरांच्या टोळ्या पोरांबाळांसकट येतात, महिना-दोन महिने वस्तीवर राहतात. त्यांचा दर एकरी उक्ता ठरतो. जानेवारीत काही शेतकऱ्यांनी काढणीचा खर्चही निघणार नाही म्हणून उभ्या कांद्यावर रोटाव्हेटर फिरवला किंवा मेंढ्या सोडल्या. त्या एकराची मजुरी टोळीला मिळाली नाही. निर्यातबंदीच्या कुठल्याही चर्चेत या बायका-माणसांचा उल्लेख मी ऐकलेला नाही.

मग कृषी सेवा केंद्राची उधारी. नाशिक जिल्ह्यात खतं-औषधं बहुतेकदा हंगामावर मिळतात, कांदा विकला की चुकते. कांदा नाही विकला तर दुकानदाराचं खातं अडतं, तो पुढच्या हंगामाला रोख मागतो, आणि ज्याच्याकडे रोख नाही तो औषधाची एक फवारणी कमी करतो. पिकअपवाल्याच्या फेऱ्या कमी होतात. बाजार समितीतल्या हमालांचं काम आवकेवर असतं, लिलाव बंद राहिले की त्यांची चूल बंद. सोसायटीचं पीककर्ज फेडायला पैसे नसले की मार्चअखेरीला नवंजुनं करून घेतात, जुनं कागदावर फेडून नवं उचलतात. आप्पांनी मुलीचं लग्न त्या उन्हाळ्यातून पुढच्या उन्हाळ्यावर ढकललं. मंडपवाला, आचारी, वाजंत्री, कापडदुकान या सगळ्यांचा धंदा त्यातच गेला. असं एक घर नव्हतं.

एक बोच वेगळी आहे. आप्पांचा मुलगा कृषी पदविका केलेला, हौसेने शेतीत उतरलेला. ठिबक, मल्चिंग, घरचं बियाणं, सगळं नीट करणारा. त्या सकाळी रिकाम्या हातांनी परतल्यावर तो एवढंच म्हणाला, "आप्पा, माझं चुकलं कुठं ते सांगा." त्याचं कुठेच चुकलं नव्हतं.

दिल्लीची बाजू

ती मांडायलाच हवी. २०२३ च्या दिवाळीच्या आधी मोठ्या शहरांत कांदा सत्तर-ऐंशी रुपये किलोला गेला होता. मजुराच्या घरात कांदा-भाकर हेच जेवण असतं, त्याला हे परवडत नाही, आणि हा मजूर शहरातच असतो असंही नाही. सुरगाण्याची टोळीसुद्धा एरवी कांदा विकतच घेते. खरिपाचं उत्पादन घटल्याचा अंदाज खरा होता. सरकारने बंदीच्या आधी शुल्क, मग किमान मूल्य असे टप्पे घेतले, पंचवीस रुपयांनी बफरमधला, म्हणजे सरकारी साठ्यातला कांदा शहरांत विकला. हे सगळं खरं आहे.

पण तेव्हाच्या महागाई निर्देशांकात कांद्याचं वजन जेमतेम ०.६४ टक्के होतं. इतक्या लहान वजनाच्या वस्तूला इतका मोठा दंडुका का, याचं उत्तर अर्थशास्त्रापेक्षा राजकारणात आहे. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातली सत्ता कांद्याने घालवली ही आठवण कुठलाच पक्ष विसरलेला नाही. त्यामुळे सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. २०२० ची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. जूनमध्ये अध्यादेश काढून सरकारने कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या रोजच्या नियंत्रणातून मोकळा केला, शेतकऱ्याला बाजारस्वातंत्र्य दिल्याचं सांगितलं. त्याच अध्यादेशाचं विधेयक १५ सप्टेंबरला लोकसभेत मंजूर झालं. कांदा निर्यातबंदीची अधिसूचना १४ सप्टेंबरची होती.

आणि ग्राहकाने दिलेल्या रुपयातले शेतकऱ्याला मिळतात किती? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात कांद्याचा हा वाटा ३६ पैसे निघाला. उरलेल्या ६४ पैशांत वाहतूक, घट, हमाली, मधले हात सगळं आलं. महागाई आवरायची तर या ६४ पैशांत काम करायला जागा आहे. साठवण, रस्ते, शहरातल्या घाऊक बाजारांची पद्धत. पण तिथे वर्षं लागतात, आणि बंदीला एक सही पुरते.

पांढरा कांदा, सहा देश आणि मतपेटी

३१ मार्चला बंदी संपेल म्हणून उन्हाळ कांदेवाले वाट पाहत होते. २२ मार्चला ती पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. मग २५ एप्रिलला २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. पांढरा कांदा मुख्यतः गुजरातचा. महाराष्ट्रात जी चीड उसळली ती दोन हजार टनांची नव्हती. नाशिकच्या कांद्याला नाही, पांढऱ्याला हो, हे लोकांना उघड्या डोळ्यांनी दिसलं. दोनच दिवसांनी केंद्राने बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, भूतान, बहरीन आणि मॉरिशस या सहा देशांना मिळून ९९,१५० टन निर्यातीची माहिती जाहीर केली. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मे रोजी नाशिक, दिंडोरीचं मतदान होतं.

दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा १ लाख १३ हजारांवर मतांनी पराभव झाला. जिंकले भास्कर भगरे, पेशाने शिक्षक. नाशिकमध्ये हेमंत गोडसे हरले, नगरमध्ये सुजय विखे. प्रत्येक निकालाला इतरही कारणं होती, सगळं कांद्यावर घालू नये. पण त्या प्रचारात मी ज्या पारावर बसलो तिथे पहिला विषय कांदाच होता. ११ डिसेंबरला चांदवडला महामार्गावर शरद पवार आंदोलकांत येऊन बसले होते ते लोकांच्या पाच महिन्यांनंतरही ध्यानात होतं. निवडणुकीनंतर १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही शून्य झालं.

गेलेलं गिऱ्हाईक

२०२२-२३ मध्ये देशाने सव्वापंचवीस लाख टन कांदा बाहेर पाठवला होता. २०२३-२४ मध्ये तो १७ लाख टनांवर आला, २०२४-२५ मध्ये मार्चच्या मध्यापर्यंत साडेअकरा लाखांच्या थोडा वर. शुल्क गेलं म्हणजे गिऱ्हाईक परत येतं असं नाही. बंदी आली तेव्हा ढाक्यात एका रात्रीत कांदा दोनशे टाक्यांवर गेला. तिथल्या व्यापाऱ्यांनी पाकिस्तान आणि चीनकडून माल आणला, आणि बांगलादेशाने स्वतःचं उत्पादन वाढवण्याचा ध्यास घेतला. आखातातही पाकिस्तानी कांद्याने जागा घेतली. ज्या देशाचा पुरवठा सात महिने चालेल आणि पाच महिने बंद पडेल, त्याच्यावर कोण विसंबून राहील? निर्यातदाराला दरवर्षी नव्याने ओळख करून द्यावी लागते, आणि तो तोटा शेवटी बोलीत उतरतो.

माझं स्पष्ट मत आहे. बंधन घालायची वेळ सरकारवर कधी येऊच नये असं मी म्हणत नाही. पण ते शुल्काच्या रूपात, ठरलेल्या पायऱ्यांनी, आणि खरिपाचं उळं (रोपांसाठीचं कांद्याचं बी) टाकायच्या आधी म्हणजे मे-जूनमध्ये जाहीर व्हावं. कांदा अमुक भावावर गेला की इतकं शुल्क लागेल हे शेतकऱ्याला पेरतानाच कळलं, तर तो एक एकर लावायचा की दोन हे ठरवू शकतो. आणि लाल कांद्याच्या हंगामात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रातोरात बंदी घालायची असेल तर त्या दिवशी बाजार समितीत नोंद असलेल्या आवकेला आधीच्या आठवड्याच्या सरासरीचा फरक सरकारने द्यावा. सगळी नोंद संगणकावर असते, ई-पीक पाहणीची वाट पाहायची गरज नाही. ग्राहकाला स्वस्त कांदा हवा असेल तर त्याची किंमत तिजोरीने मोजावी. ती निफाड-येवल्याच्या दोन एकरवाल्याने का मोजायची?

शुल्क हटवण्याची घोषणा झाली त्याच्या आदल्या दिवशी, २१ मार्च २०२५ ला, लासलगावला कांद्याचा सर्वसाधारण भाव १,३३० रुपये होता.

त्या जूनमध्ये मी आप्पांच्या वस्तीवर गेलो होतो. लग्न मे महिन्यात पार पडलं होतं, मंडपाचे खड्डे अंगणात अजून बुजायचे होते. ओट्यावर घरच्या बियाण्याची पिशवी उघडी होती, आप्पा त्यातलं हलकं बी सुपाने पाखडत होते. मी विचारलं, यंदा किती लाल? "एक एकर," ते म्हणाले. दुसऱ्या एकरात मका टाकली होती, ती उगवून वीतभर झाली होती.